राखणदाराची राखण: मळ्यात, वस्तीवर पहिल्यांदा कुत्रा पाळणाऱ्यांसाठी

शहर सोडून गावाकडच्या घरात किंवा मळ्यात राहायला आलेली बहुतेक माणसं बोअरचं पाणी तपासून झालं की कुत्रा आणतात. त्याने घर राखावं एवढीच अपेक्षा असते. त्याची स्वतःचीही राखण करावी लागते, हे शेजारच्या वस्तीवरून एखादा लॅब्रॅडॉर नाहीसा झाल्यावर कळतं. हा लेख अशा नव्या मंडळींसाठी आहे. उदाहरणं पुणे, अहिल्यानगर, नाशिककडच्या ऊसपट्ट्यातली आहेत. कोकणात किंवा मराठवाड्यात थोडाफार फरक धरून चाला.

आधी समजून घ्या: कोणता कुत्रा जातो, कशासाठी जातो

लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, हस्की असले विलायती कुत्रे विकण्यासाठी उचलतात. फोनवरच्या जाहिरातीत फोटो टाकला की लांबच्या शहरात गिऱ्हाईक मिळतं, आणि कागद मागणारा गिऱ्हाईक विरळाच. कुत्री असेल तर धोका जास्त, कारण तिच्यापासून पिल्लं काढून विकता येतात. कारवान, पश्मी, मुधोळ या आपल्याकडच्या लांब पायांच्या जाती जाणकार माणूस नेतो, शर्यतीसाठी किंवा डुकराच्या, सशाच्या शिकारीसाठी. ही शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे, तरी हौस सुटत नाही. दोन-तीन महिन्यांची पिल्लं तर कुणीही पिशवीत घालून नेतो.

गावठी कुत्र्याला सहसा कुणी चोरत नाही. त्याला विष घालतात, तेही घरफोडीच्या आधी, भुंकणं बंद व्हावं म्हणून. एका वस्तीवरची दोन-तीन कुत्री एकाच रात्री तोंडाला फेस येऊन मेली तर ती साथ समजून गप्प बसू नका, पोलीस पाटलाला त्याच दिवशी सांगा. पुढची पाळी घराची असू शकते.

पायरी १: कुत्रा गावाच्या ओळखीचा करा

कुलूप, कॅमेरा, चिप या सगळ्याच्या आधी हे करायचं, आणि नेमकं हेच फार्महाऊसवाले करत नाहीत. आठ फुटी कंपाउंड, आत कुत्रा, आणि तो कसा दिसतो हे पार्सल आणणाऱ्या पोराशिवाय कुणाला माहीत नाही. असा कुत्रा रात्री दहा वाजता मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसून गावातून गेला, तरी पारावरचं कुणी मान वळवून बघणार नाही. तोच कुत्रा रोज सकाळी पट्टा लावून दूध डेअरीपर्यंत येत असेल, तर बघणारा म्हणतो, ‘अरे, हा तर मळ्यातल्या सरांचा शेरू, हे कोण घेऊन चाललंय?’ तेवढ्या एका प्रश्नाने चोरी फसते.

म्हणून पहिल्या महिन्यात कुत्र्याला घेऊन शेजारच्या चार-पाच वस्त्यांवर जा. नाव सांगा, चावतो की नाही ते सांगा. रस्त्यावर एकटा दिसला तर फोन करा म्हणून नंबर द्या. चहाची टपरी, किराणा दुकान, पिठाची गिरणी, डेअरी एवढी ठिकाणं पुरतात. पोलीस पाटील कोण आहेत ते विचारून घ्या आणि त्यांचा नंबर आजच फोनमध्ये ठेवा.

शेतीची थ्री फेज लाइट कधी दिवसा, कधी रात्री पाळीने येते. रात्रीच्या पाळीला उसाला पाणी द्यायला, दारं धरायला (सरीसरीत पाणी वळवायला) माणसं शिवारात असतात. बॅटरी घेऊन बांधावर उभा असलेला हा माणूस कुठल्याही कॅमेऱ्यापेक्षा भारी. रात्री कोणती गाडी आली, कोणत्या वाटेने गेली, हे त्याला ठाऊक असतं. त्याची ओळख ठेवा. सकाळी बांधावर भेटला तर दोन शब्द बोला, दिवाळीला फराळ द्या.

आता यातली मेख. गावाला कुत्रा माहीत असावा, त्याची किंमत माहीत नसावी. ‘कितीला घेतला?’ हा प्रश्न तुम्हाला पहिल्याच दिवशी विचारला जाईल. वाईट हेतूने नव्हे, आपल्याकडे बैलापासून मोबाइलपर्यंत सगळ्याला हाच पहिला प्रश्न असतो. ‘मित्राकडे पिल्लं झाली, त्याने दिला’ एवढं उत्तर बास. खोटं बोलायचं नसेल तर हसून विषय बदला. पाहुण्यांसमोर वंशावळ सांगत बसू नका. घराच्या लोकेशनसह रील टाकणं तर नकोच, आणि पिल्लं विकायची असतील तर गिऱ्हाइकाला घरी न बोलावता तालुक्याच्या गावात भेटा.

पायरी २: किंमत कागदावर ठेवा

तोंडाने सांगायची नाही ती किंमत कागदावर मात्र पक्की हवी. याला कायद्याचं कारण आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३०३ नुसार चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण चोरीचा माल पाच हजार रुपयांच्या आतला असेल तर तो गुन्हा अदखलपात्र धरला जातो. म्हणजे ठाण्यात नुसती एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतात आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करत नाहीत. ‘एक कुत्रा, किंमत अंदाजे’ असं मोघम लिहून दिलं की प्रकरण तिथेच थंडावतं. म्हणून एक फाइल करा आणि तिचे फोटो ईमेलवरही ठेवा:

- विकत घेतल्याची पावती. पावती नसेल तर यूपीआयने पैसे दिल्याची नोंद आणि विकणाऱ्याबरोबरचं चॅट.
- लसीकरणाचं पुस्तक. त्यात मालकाचं नाव, कुत्र्याचा रंग, लिंग, जन्मतारीख आणि खुणा डॉक्टरांकडून लिहून, सही-शिक्का मारून घ्या. बरीच पुस्तकं ‘टॉमी, ब्राउन’ एवढ्यावरच संपतात. त्यावरून काही सिद्ध होत नाही.
- फोटो: समोरून, दोन्ही बाजूंनी, दात, पंजे, पोटाखालचे डाग, जुन्या जखमेचा व्रण. दर सहा महिन्यांनी नवे, पिल्लू असेल तर दर महिन्याला.
- तुम्ही आणि कुत्रा एकत्र असलेले, वेगवेगळ्या वयातले फोटो.

त्यानंतर मायक्रोचिप. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप खांद्यांच्या मधल्या भागात कातडीखाली सुईने टोचतात. तिच्यात पंधरा आकडी नंबर असतो आणि तो खास रीडरनेच वाचता येतो. चिपमुळे कुत्रा कुठे आहे ते कळत नाही, तो तुमचा आहे हे कळतं. टोचल्यावर लगेच डॉक्टरांना रीडर फिरवून नंबर दाखवायला सांगा, लसीच्या पुस्तकात तो चिकटवून घ्या आणि चिपच्या कंपनीच्या नोंदणीत तुमचा चालू मोबाइल नंबर आहे ना ते बघा. तालुक्याच्या दवाखान्यात चिप मिळेलच असं नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी खासगी दवाखान्यात विचारा.

कागदाचं महत्त्व पटत नसेल तर होशंगाबादची हकिगत ऐका. मध्य प्रदेशातल्या या गावी २०२० मध्ये एकाच लॅब्रॅडॉरवर दोघांनी हक्क सांगितला. वाद मिटेना, तेव्हा पोलिसांनी कुत्र्याची डीएनए तपासणी करायचं ठरवलं आणि त्याच्या बापाचा नमुना पचमढीहून आणला. एका चिपचं आणि धड भरलेल्या पुस्तकाचं काम प्रयोगशाळेला करावं लागलं.

पायरी ३: रात्रीची जागा

साखळीला बांधलेला कुत्रा सुरक्षित असतो हा गैरसमज आहे. चोर साखळी तोडत नाही, पट्ट्याचा हुक काढतो, त्याला काही सेकंद लागतात. बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. शिवाय आखूड किंवा जड साखळीला तासन्‌तास बांधून ठेवणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

सगळ्यात चांगली जागा म्हणजे घराच्या आत. पडवीत किंवा मागच्या खोलीत, कडी लावून. ‘कुत्रा घरात?’ म्हणून नाक मुरडणारे असतील. त्यांना सांगा की राहत्या घरातून झालेल्या चोरीला न्याय संहितेत वेगळं कलम आहे, ३०५. त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि पाच हजारांची अट आड येत नाही. कुत्रा अंगणातून गेला की घरातून गेला, याने गुन्ह्याचं वजन बदलतं. ज्याला बाजारभावच नाही अशा गावठी कुत्र्याच्या बाबतीत तर हाच मोठा आधार.

घरात शक्य नसेल तर पिंजरा बांधा, पण तो घराच्या भिंतीला लागून, झोपायच्या खोलीच्या खिडकीजवळ. लांब फाटकाशेजारी पिंजरा म्हणजे चोराची सोय. तळाला कोबा, जाडजूड वेल्ड जाळी, बिजागऱ्यांचे नट आतून किंवा वेल्ड केलेले, कडी-कोयंड्याला झाकलेलं कुलूप. वरून छप्पर हवंच. बिबट्याच्या भागात ते चोरापेक्षाही जास्त गरजेचं, कारण बिबट्या भिंत सहज चढून येतो. पिंजऱ्याच्या दाराला गुरांच्या गळ्यातली घंटा अडकवा; स्वस्त असते आणि लाइट गेली तरी वाजते.

एक जातिवंत कुत्रा असेल तर जोडीला एक गावठी पाळा. लॅब अनोळखी माणसाचं शेपूट हलवून स्वागत करतो. गावठी कुत्री पाचोळा वाजला तरी वस्ती उठवते.

पायरी ४: खाणं, माज आणि सवयी

चोराचं मुख्य हत्यार म्हणजे मटणाचा तुकडा. त्यात कधी गुंगीचं औषध, कधी काहीच नाही. भुकेला कुत्रा तुकड्यामागे आपणहून गाडीत चढतो. दुसरं हत्यार माजावर आलेली कुत्री. तिला दोरीला धरून रस्त्याने नेलं की न खच्ची केलेला नर कुंपण ओलांडून मागे जातो. म्हणून पिल्लं काढायची नसतील तर नर-मादी दोघांचीही नसबंदी करून घ्या. भटकणं कमी होतं, आणि पिल्लं काढण्यासाठी चोरणाऱ्याच्या दृष्टीने किंमतही उतरते. पट्ट्याच्या बिल्ल्यावर ‘नसबंदी झाली आहे’ आणि तुमचा फोन नंबर लिहा. कुत्र्याचं नाव लिहू नका. नावाने हाक मारली की तो अनोळखी माणसाकडेही जातो.

खाणं ठरलेल्या वेळी, ठरलेल्या भांड्यातच द्या. जमिनीवर पडलेलं उचलू नये म्हणून ‘सोड’ हा शब्द लहानपणापासून शिकवा. त्याची परीक्षा शेजाऱ्याकडून घ्या: त्याने भाकरीचा तुकडा टाकायचा, कुत्र्याने तुमच्याकडे बघायचं, मग तुम्ही हातातलं जास्त चांगलं काहीतरी द्यायचं. चिकाटीने केलं तर बहुतेक कुत्री शिकतात, लॅबला जरा वेळ लागतो. रात्री मात्र पोट भरलेलं असू द्या. उपाशी ठेवलेला कुत्रा जास्त तिखट होतो ही जुनी समजूत चोराच्याच फायद्याची आहे.

गड्याला, सालगड्याला, दूधवाल्याला एक नियम सांगून ठेवा: ‘पिल्लं आहेत का’, ‘आमच्या कुत्रीला लावायला नर पाहिजे’ म्हणत कुणी आलं तर कुत्रा दाखवायचा नाही, नंबर घ्यायचा आणि मालक फोन करतील म्हणायचं. खरा गिऱ्हाईक नंबर देतो. पाळत ठेवायला आलेला गाडी वळवतो. त्या गाडीचा नंबर लिहून ठेवायचा. गावची जत्रा आणि लग्नसराई या दिवसांत वस्त्या ओस पडतात. तेव्हा कुणीतरी घरी थांबलंच पाहिजे, नाहीतर कुत्र्याला ओळखीच्या घरी ठेवा.

पायरी ५: यंत्रं

यात फार पैसे घालू नका. हालचालीने लागणारा सोलर दिवा पहिला घ्या. कॅमेरा घ्यायचा तर सोलर आणि सिमकार्डवर चालणारा; वायफायवाला लाइटबरोबर झोपतो. जीपीएसचा पट्टा मोबाइल नेटवर्कवर चालतो. घाटातल्या, खोऱ्यातल्या गावात तो थापा मारतो, आणि चोर पट्टा आधी काढून फेकतो. ब्लूटूथचे छोटे टॅग आजूबाजूच्या फोनच्या भरवशावर असतात. उसाच्या फडात फोन कुठून येणार?

कुत्रा नाहीसा झाला तर

पहिला तास चोर शोधण्यात घालवू नका. कठडा नसलेल्या विहिरी, शेततळी, डुकरासाठी लावलेले फासे आणि पिकाभोवती सोडलेली करंटची तार हे आधी बघा. शेततळ्याच्या प्लॅस्टिकवरून कुत्र्याला वर चढता येत नाही, तो पोहून पोहून दमतो. तिथे मिनिटं मोलाची. न खच्ची केलेला नर असेल तर आसपास कुठे कुत्री माजावर आहे का विचारा. असे नर एक-दोन दिवसांनी ओरखडे घेऊन आपणहून घरी येतात. जवळ नगरपंचायत किंवा नगरपालिका असेल तर नसबंदीसाठी कुत्री पकडणारी गाडी आली होती का, तेही विचारा. गळ्यात पट्टा नसलेला पाळीव कुत्रा तिच्यात जाऊ शकतो.

मग बिबट्या. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, अकोले, संगमनेर या भागांत हा प्रश्न टाळून चालत नाही. अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला, त्यात त्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. खुणा अशा बघा: फरफटत नेल्याची रेघ, रक्त, उपटलेले केस, तुटलेली साखळी आणि नखं न उमटलेले गोलसर पंजे असतील तर बिबट्या. रेघ उसात जात असेल तर मागे जाऊ नका, वनविभागाला १९२६ वर कळवा. उलट, हुक व्यवस्थित काढलेला, पट्टा बाजूला फेकलेला, अर्धवट खाल्लेला मांसाचा तुकडा, रस्त्याच्या कडेला टायरची ताजी खूण असेल तर माणसाचं काम. तो तुकडा हात न लावता पिशवीत घ्या, पोलिसांना दाखवायचा आहे.

माणसाचं काम वाटलं की लगेच पोलीस पाटलाला फोन. गावात ग्रामसुरक्षा यंत्रणा असेल तर एका कॉलवर सगळ्यांच्या फोनवर निरोप जातो. चोर आत्ताच गेला असेल तर ११२. त्यानंतर रस्त्यावरच्या पेट्रोल पंपाचं, पतसंस्थेचं, डेअरीचं फुटेज त्याच दिवशी मागा. काही दिवसांनी त्यावर नवं रेकॉर्डिंग चढतं.

ठाण्यात जाताना फाइल घेऊन जा. तिथे बहुधा ‘हरवल्याची नोंद करू’ असं सुचवतील. हरवल्याचा दाखला म्हणजे एफआयआर नव्हे. लेखी तक्रारीत ‘चोरी’ हा शब्द, पावतीप्रमाणे किंमत, जागा (घरातून, पडवीतून, पिंजऱ्यातून), वेळ, खुणा आणि चिपचा नंबर लिहा. एफआयआरची प्रत तुम्हाला फुकट मिळायला हवी. तक्रार नोंदवून घेतलीच नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (पोलीस तपासाची पद्धत ठरवणाऱ्या कायद्याच्या) कलम १७३(४) प्रमाणे तीच तक्रार पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. विष घालून मारलं असेल तर कलम वेगळं, न्याय संहितेचं ३२५, पाच वर्षांपर्यंत कैद. त्यासाठी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातून शवविच्छेदन करून घ्या. पुरून टाकल्यावर काही हाती लागत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो फिरवा, पण एक खूण जाहीर करू नका. कुणी ‘सापडला’ म्हणून फोन केला तर तीच खूण विचारा. ‘आधी अर्धे पैसे टाका’ म्हणणारा नव्वद टक्के ठग; पैसे गेलेच तर लगेच १९३० ला कळवा.

आणि या फोटोंत अनोळखी माणसाचा फोटो टाकून ‘कुत्रा चोर, सावधान’ लिहू नका. शंका असली तरी नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून गावकऱ्यांनी भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारलं. ऊसतोड कामगारांच्या टोळ्या, मेंढपाळ, पालं टाकून राहणारी माणसं यांच्यावर पहिलं बोट जातं, कारण ती बाहेरची असतात. चोर ओळखीचाच निघाल्याच्या कथा गावोगाव आहेत. गाडीचा नंबर पोलिसांना द्या, ग्रुपवर नाही.

जाहिरातीत तुमचा कुत्रा दिसला तर स्क्रीनशॉट घ्या, गिऱ्हाईक बनून गोड बोला, भेटीची जागा-वेळ ठरवा आणि ती तपास करणाऱ्या अंमलदाराला सांगा. एकट्याने जायचं नाही. पोलिसांनी कुत्रा ताब्यात घेतला की कागदोपत्री तो मुद्देमाल होतो. तो परत मिळण्यासाठी तालुक्याच्या न्यायालयात अर्ज करून सुपुर्दनाम्यावर (बोलावतील तेव्हा हजर करीन अशा लेखी हमीवर) घ्यावा लागतो. वकील एका दिवसात अर्ज करून देतो. ठाण्यात कुत्रा ठेवायला जागा नसते, त्यामुळे तपास अंमलदारालाही घाई असते. तरी तोवर रोज जेवण घेऊन जायची परवानगी मागा. घरी आणल्यावर थेट दवाखान्यात न्या: चिप वाचून घ्या, जखमा आणि गोचिडं बघा, रेबीजच्या लसीचं विचारा, आणि घरात दुसरी पिल्लं असतील तर डॉक्टर सांगतील तितके दिवस त्याला वेगळं ठेवा. कुलूप मात्र त्याच संध्याकाळी बदला.